सत्तेची मुदत

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात काढलेल्या तंजावर अभ्याससहलीत, पापनाशम येथील मुक्कामी मुख्याध्यापिकांनी माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तंजावरात आपण बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहिला, सरस्वती महालातील पोथ्या पाहिल्या, आणि आज या पापनाशम गावी तिरुप्पालैत्तुरैच्या देवळाजवळचे विटांचे प्रचंड धान्यकोठार पाहिले. नायक राजांच्या काळातले हे कोठार सुमारे ३००० कलम धान्य साठवू शकत असे. आजच्या भाषणात मी तंजावरच्या मराठ्यांविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. त्यांच्याविषयी थोडे बोलणारच आहे. परंतु माझा विषय निराळा आहे. तरुण लोकशाह्या क्षीण कशा होतात, हा तो विषय. "बाई सहलीतही राज्यशास्त्राचा तास घेणार," असे सकाळी न्याहारीच्या वेळी कोणीतरी म्हणाल्याचे माझ्या कानी आले आहे. त्यांचा अंदाज खरा ठरला.

हा विषय येथे घेण्याचे कारण असे की पापनाशमच्या अलीकडच्या इतिहासात त्याचे एक चांगले उदाहरण आहे. उदाहरण लहान आहे आणि त्यात कोणी खलनायक नाही. म्हणूनच ते शिकण्यासारखे आहे.

लोकशाही कोसळते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्र उभे राहते. रस्त्यावर रणगाडे, आकाशवाणी केंद्रावर सैनिक, नेते तुरुंगात. विसाव्या शतकात अनेक देशांत असे घडले, आणि आजही कोठे कोठे घडते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसरी रीत अधिक रूढ झाली आहे. निवडणूक होते, मोठे बहुमत मिळते, आणि त्याच बहुमताच्या बळावर न्यायालय, वृत्तपत्रे, निवडणूक यंत्रणा आणि स्थानिक संस्था एकेक करून दुबळ्या केल्या जातात. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी २०१४ मध्ये एका भाषणात आपल्याला उदारमतवादी नसलेले राज्य उभारायचे आहे असे उघडपणे सांगितले. या राजकारणाला 'अनुदार लोकशाही' म्हणण्याचा प्रघात आहे. मतपेटी राहते, पण मत दिल्यानंतर सत्तेला अडवणारे, विचारणारे, जाब मागणारे जे जे असते ते विरळ होत जाते.

याची लक्षणे अभ्यासक अनेक सांगतात. मी आज एकच घेणार आहे, कारण ते सामान्य माणसाला कोणत्याही ग्रंथाशिवाय ओळखता येते. ते लक्षण म्हणजे मुदत. लोकशाहीत सत्तेवर एक तारीख लिहिलेली असते. त्या तारखेला सत्ता मालकाकडे, म्हणजे लोकांकडे, परत आलीच पाहिजे. मग लोक ती त्याच माणसाला देवोत किंवा दुसऱ्याला देवोत. ही तारीख पुसट होऊ लागली की समजावे, दुखणे सुरू झाले.

आता पापनाशमकडे वळू. हे गाव तंजावर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे, आणि त्याचा कारभार नगरपंचायतीकडे, तमिळमध्ये ज्याला पेरूराट्चि म्हणतात त्या संस्थेकडे आहे. तमिळनाडूतील स्थानिक संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. त्याच महिन्यात मतदान व्हायचे होते, तारखाही जाहीर झाल्या होत्या. आरक्षणाच्या अंमलबजावणीविषयी आक्षेप घेणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. नव्याने अधिसूचना काढून थोड्याच महिन्यांत मतदान व्हावे, अशी अपेक्षा होती. पण पुढे प्रभागरचना आली, जिल्ह्यांची विभागणी आली, नव्या याचिका आल्या, महासाथ आली. ग्रामीण भागात २०१९ च्या डिसेंबरात, आणि उरलेल्या नऊ जिल्ह्यांत २०२१ च्या ऑक्टोबरात मतदान झाले. शहरे, नगरे आणि पापनाशमसारख्या नगरपंचायती यांची पाळी आली १९ फेब्रुवारी २०२२ रोजी. म्हणजे पाच वर्षे आणि सुमारे चार महिने या गावाला निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता. एक अख्खी मुदत गेली. त्या काळात कारभार विशेष अधिकाऱ्यांनी पाहिला.

जी मुलगी २०१६ च्या अखेरीस अठरा वर्षांची झाली, तिने आपल्या गावच्या कारभारासाठी पहिले मत दिले तेव्हा ती तेविशी ओलांडून गेली होती. मधल्या काळात तिने लोकसभेला मत दिले, विधानसभेला दिले. दिल्ली आणि चेन्नई येथील राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार तिला होता. आपल्या गल्लीतील नळाविषयी कोणाला विचारायचे, हे ठरवण्याचा नव्हता.

या खोऱ्यातील शेतकऱ्याला तारीख म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कावेरीवरील मेट्टूर धरणाचे दरवाजे कुरुवै हंगामातील भातासाठी १२ जूनला उघडायचे, असा येथे परिपाठ आहे. धरणात पाणी पुरेसे नसले की ती तारीख पुढे जाते. पाणी पुढे केव्हातरी येतेही. परंतु त्या हंगामाचे पीक तारखेवर अवलंबून असते. उशिरा आलेले पाणी पुढच्या पिकाला उपयोगी पडते, हुकलेला हंगाम परत देत नाही. स्थानिक निवडणुकांचे तसेच आहे. "आज ना उद्या होतीलच की," असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो फक्त हंगाम विसरलेला असतो.

पालकहो, हे परराज्यातील गोष्ट म्हणून ऐकू नका. आपल्या महाराष्ट्रात काय झाले ते आपण सारे जाणता. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. राज्यातील बहुतेक मोठ्या महापालिकांची त्याच सुमारास संपली. औरंगाबादसारख्या काहींची तर २०२० मध्येच संपली होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागांची संख्या आणि त्यांची रचना यांवर न्यायालयीन वाद चालू राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मर्यादा घालून दिली. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. दरम्यान मुंबईने जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाताखाली काढली. २०२५-२६ सालचा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. एवढ्या रकमेवर एकाही निवडून आलेल्या सदस्याने सभागृहात उभे राहून प्रश्न विचारला नाही, कारण सभागृहच नव्हते.

या दोन्ही राज्यांच्या कथेत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तमिळनाडूत ही दिरंगाई एका पक्षाच्या राजवटीत सुरू झाली आणि दुसऱ्या पक्षाच्या राजवटीत संपली. आणि संपली म्हणावे, तर ज्या ग्रामपंचायतींची निवडणूक २०१९ मध्ये झाली होती त्यांची मुदत ५ जानेवारी २०२५ रोजी संपताच तेथे पुन्हा विशेष अधिकारी नेमले गेले. महाराष्ट्रातही या काळात एक आघाडी गेली आणि दुसरी युती आली. तेव्हा आपल्या नावडत्या पक्षाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय येथे नाही. मुदत लांबणे सत्तेत असणाऱ्या प्रत्येकाला सोयीचे असते. ज्याला हरण्याची भीती असते त्याला तर असतेच. पण ज्याला अधिकाऱ्यांमार्फत कारभार हाकणे सोपे वाटते त्यालाही असते.

आपल्या राज्यघटनेने या मोहाची कल्पना आधीच केली होती. १९९२ मध्ये संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि १९९३ मध्ये त्या अमलात आल्या. पंचायत असो वा नगरपालिका, तिची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हेच बजावले. म्हणजे कायदा संदिग्ध नव्हता. त्याला वळसे घालण्याची प्रत्येक वेळी काही तरी सबब होती, आणि गंमत अशी की बहुतेक सबबी स्वतंत्रपणे पाहिल्या तर खऱ्या होत्या. आरक्षण न्याय्य हवे, हे खरेच. प्रभागांची रचना लोकसंख्येनुसार हवी, हेही खरे. साथीच्या काळात गर्दी नको, हेही खरे. मात्र खऱ्या सबबींची माळ इतकी लांबली की तिच्याखाली मूळ नियम दिसेनासा झाला. लोकशाहीचे नुकसान खोट्या कारणांनीच होते असे नाही. खऱ्या कारणांच्या आड राहूनही होते.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो मी पालकसभेतही ऐकला आहे. "बाई, प्रशासक असताना कामे बरी होत होती. नगरसेवकांची भांडणे नव्हती, टक्केवारीची चर्चा नव्हती." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनेक अधिकारी कष्टाळू आणि सचोटीचे असतात, आणि अनेक लोकप्रतिनिधी तसे नसतात.

याचे उत्तर शोधायला तंजावरसारखी दुसरी जागा नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी येथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे कसे होते, हे आपण सरस्वती महालात पाहिले. त्यांनी ग्रंथ जमवले, धन्वंतरी महाल उभारून वैद्यकाचे प्रयोग केले, देवनागरी छापखाना काढला, शाळा काढल्या. मुंबई-पुण्यात मराठी पुस्तक छापले जाण्यापूर्वी या तमिळ मुलखात मुलांसाठी मराठी पुस्तक छापले गेले. एवढा विद्याव्यासंगी राज्यकर्ता कोणत्याही प्रजेला आवडावा. पण प्रजेच्या आवडीने ते गादीवर आले नव्हते, आणि प्रजेच्या नावडीने कोणी गादीवरून उतरणारही नव्हते. राज्याचा प्रत्यक्ष कारभार तर १७९९ च्या तहाने इंग्रजांकडे गेलाच होता. पुढे १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे पुत्रसंतानावाचून वारले आणि कंपनी सरकारने ते घराणेच खालसा केले. त्याही वेळी येथील रयतेला कोणी काही विचारले नाही. चांगला राजा मिळणे हे भाग्य होते. वाईट मिळाला तर ते दुर्भाग्य. दोन्हींत रयतेचा हात नव्हता. आपण लोकशाही स्वीकारली ती कारभार नेहमी उत्तम होईल म्हणून नव्हे. कारभार वाईट झाला तर तो रक्तपातावाचून, ठरलेल्या दिवशी बदलता यावा म्हणून स्वीकारली.

चांगला प्रशासक मिळाला तर आनंदच आहे. पण तो आपल्याला उत्तर देण्यास बांधलेला नसतो. आपल्या शाळेसमोरच्या रस्त्याचे उदाहरण घ्या. शाळा सुटण्याच्या वेळी तेथे मुलांना ओलांडता येईल अशी सोय हवी, म्हणून आपण वारंवार मागणी केली. पूर्वी प्रभागाच्या नगरसेविका शाळेत येत. कधी काम होई, कधी होत नसे. परंतु पालक त्यांना गाठून विचारू शकत, आणि पुढच्या निवडणुकीत हेच पालक मत देणार हे त्यांच्या ध्यानात असे. प्रशासकाच्या काळात आपण पत्र दिले की पोच मिळे. अधिकारी सौजन्याने वागत. दीड-दोन वर्षांत त्यांची बदली होई आणि आपण नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून सांगू लागत असू. येथे कोणाचा दोष मी सांगत नाही. उत्तरदायित्वाची दिशा बदलली होती, एवढेच सांगते. अधिकारी वर पाहतो, कारण त्याची नेमणूक वरून होते. प्रतिनिधी निदान पाच वर्षांतून एकदा तरी खाली पाहतो.

आणखी एक नुकसान आहे, ते स्त्रियांचे. महाराष्ट्रात २०११ पासून आणि तमिळनाडूत २०१६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. विधानसभेत आणि लोकसभेत स्त्रियांची संख्या अजूनही तोकडी आहे. ज्या ठिकाणी ती निम्मी होते अशी जागा गाव आणि नगर हीच. तेथील सभागृहे वर्षानुवर्षे बंद राहिली तर कारभार शिकणाऱ्या स्त्रियांची एक पिढी घरीच राहते. आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी ज्यांनी या निवडणुका लढवल्या आहेत त्या हे माझ्याहून चांगले सांगतील.

आपल्यापैकी कोणाला वाटेल, नगरपंचायतीची निवडणूक लांबली म्हणून लोकशाही धोक्यात आली असे म्हणणे जरा अतीच आहे. एका अर्थी ते बरोबर आहे. पापनाशम म्हणजे काही अरिष्ट नव्हे. पण मुदत लांबवण्याची सवय जेव्हा गावातून राष्ट्रापर्यंत चढते तेव्हा काय होते, ते आपल्याच देशाने पाहिले आहे.

१९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी पुकारलेली होती. संसदेने कायदा करून स्वतःची मुदत एक वर्षाने वाढवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक वर्षाने. ४२ व्या घटनादुरुस्तीने तर लोकसभेची नेहमीची मुदतच सहा वर्षांची केली. तमिळनाडूतील करुणानिधींचे सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी बरखास्त झाले आणि येथे जून १९७७ पर्यंत निवडणूक झाली नाही. हे सारे रणगाड्यांनी झाले नाही. अधिसूचना आणि विधेयके यांच्या मार्गाने झाले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी त्या परिस्थितीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा व्यासपीठावर स्वागताध्यक्ष म्हणून केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुकीची घोषणा झाली, मार्चमध्ये मतदान झाले आणि सत्ता बदलली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे केली. तारीख परत मिळाली, कारण ती गेल्याचे लोकांना आठवत होते.

येथून समुद्र जवळ आहे, आणि समुद्रापलीकडे श्रीलंका. तेथे १९७७ मध्ये जयवर्धने यांच्या पक्षाने १६८ पैकी १४० जागा जिंकल्या. पुढची संसदीय निवडणूक घेण्याऐवजी त्यांनी २२ डिसेंबर १९८२ रोजी सार्वमत घेतले. प्रश्न एवढाच की हीच संसद आणखी सहा वर्षे ठेवावी काय. होकारासाठी दिव्याचे चिन्ह होते आणि नकारासाठी घड्याचे. सुमारे ५५ टक्के मते दिव्याला पडली आणि निवडणूक थेट १९८९ वर गेली. लोकांनी मत देऊन आपले मत गहाण ठेवले. पुढच्याच वर्षी, १९८३ च्या जुलैत, त्या देशात तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला आणि दीर्घ यादवीला तोंड फुटले. यादवीची कारणे अनेक आणि जुनी होती. तरी त्या कठीण वर्षांत असंतोषाला मतपेटीची वाट मिळाली नाही, हे खरेच. त्याच देशात मार्च २०२३ च्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत या सबबीवर थांबल्या. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही दिरंगाई मतदारांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवली. अखेर मतदान झाले ते ६ मे २०२५ रोजी. ज्या दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला चार महिन्यांची मर्यादा घातली, तोच हा दिवस. हा केवळ योगायोग. पण पाल्कच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना दुखणे एकच आहे, हे तो चांगले दाखवतो.

आणखी दोन नवी उदाहरणे सांगून मी जगाचा फेरफटका संपवते. ट्युनिशियात २०११ च्या क्रांतीनंतर लोकशाही आली आणि २०१८ मध्ये तेथे खुल्या वातावरणातील पहिली नगरपालिका निवडणूक झाली. २०२१ च्या जुलैत अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. मार्च २०२३ मध्ये, मुदत संपत आली असताना, निवडून आलेल्या नगरपालिकाही हुकमाने बरखास्त केल्या. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाच्या राज्यघटनेने अध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास मनाई केली होती. २०२१ मध्ये तेथील घटनापीठाचे न्यायाधीश बदलले गेले, नव्या न्यायाधीशांनी मनाईचा अर्थ बदलला, २०२४ मध्ये अध्यक्ष नायिब बुकेले पुन्हा निवडून आले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी तेथील विधिमंडळाने अमर्याद फेरनिवडणुकीला मुभा देऊन मुदतही सहा वर्षांची केली. बुकेले अत्यंत लोकप्रिय आहेत. त्यांनी गुन्हेगारी टोळ्यांना आवर घातला हे लोक कृतज्ञतेने सांगतात. आपल्याला विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. मुदतीचा नियम नावडत्या नेत्यासाठी नसतो. त्याला लोक तसेही घरी पाठवतात. तो आवडत्या नेत्यासाठीच असतो.

हा विचार परदेशातून आणलेला आहे, असे कोणी समजू नये. याच तमिळ भूमीत, कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, म्हणजे सुमारे इ. स. ९१९ ते ९२१ मधील शिलालेख आहेत. गावाचे ३० विभाग. प्रत्येक विभागातील पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातून एक तुकडा काढवायचा. याला कुडवोलै म्हणत. समितीची मुदत एका वर्षाची. गेल्या तीन वर्षांत ज्याने काम केले असेल त्याचे नाव घड्यात टाकायचे नाही. ज्याने हिशेब दिला नसेल तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातलगही अपात्र. ही आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती. ते ब्राह्मणांचे अग्रहार गाव होते. जमीन, घर आणि वेदविद्या असलेल्या पुरुषांनाच तेथे स्थान होते. स्त्रिया आणि कष्टकरी बाहेर होते. निवडही चिठ्ठीने होई. परंतु सत्तेला मुदत असावी आणि हिशेब दिल्यावाचून कोणी पुन्हा येऊ नये, एवढे शहाणपण त्यांना अकराशे वर्षांपूर्वी होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच काळजी व्यक्त केली होती. लोकशाही या देशाला अपरिचित नव्हती, पण ती एकदा आपण गमावली. पुन्हा गमावणार काय, असा त्यांचा प्रश्न होता. राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी त्यांनी त्याच भाषणात इशारा दिला होता.

आता अखेरचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपण काय करायचे?

मोठ्या गोष्टी मी सांगणार नाही. आपल्या हातात असलेल्या तारखा पाळायच्या, एवढेच सांगते. शिक्षणहक्क कायद्याने शाळेची व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. आपल्याकडे पालक-शिक्षक संघ आहे. दर वर्षी त्याच्या निवडीची सभा लागते. सूचना महिनाभर आधी जाते. सभेला येणारे पालक थोडे असतात, आणि जे येतात त्यांतील बहुतेकांचे म्हणणे असते, "बाई, तुम्हीच नावे ठरवा, आमचा तुमच्यावर विश्वास आहे." हा विश्वास मला मोलाचा वाटतो. पण विश्वास टाकणे वेगळे आणि निवड सोडून देणे वेगळे. विश्वास असेल तर या, प्रश्न विचारा, हिशेब पाहा, आणि मग विश्वासाने निवडा. आपण सभागृहाबाहेर वाट पाहत असताना मुले दारात उभी राहून आत डोकावतात. मोठी माणसे निवड कशी करतात, हे ती तेथूनच शिकतात.

वर्गप्रतिनिधीच्या निवडीविषयी आपण हीरकमहोत्सवी वर्षापासून एक नियम करत आहोत. वर्गप्रतिनिधीची मुदत एका सत्राची. लागोपाठ दुसऱ्यांदा नाही. मुदत संपताना त्याने किंवा तिने वर्गापुढे उभे राहून पाच मिनिटांत सांगायचे की काय केले, काय राहिले. हुशार, सालस, सर्वांचा लाडका प्रतिनिधी असला तरी नियम हाच. मुलांना तो थोडा कठोर वाटेल. "ती एवढी छान काम करते, तिलाच राहू द्या ना," असे ती म्हणतील. त्या वेळी शिक्षकांनी कारण समजावून सांगावे. घरी विषय निघाला तर पालकांनीही सांगावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी वेगळी विनंती आहे. आपण जेथे असाल तेथे, गावात, शहरात, गृहनिर्माण संस्थेत, आपल्या व्यवसायाच्या संघटनेत, कारभाऱ्यांची मुदत केव्हा संपते हे ठाऊक करून घ्या. ती संपण्याच्या सहा महिने आधी विचारणा करा. प्रभागरचनेचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी थोडे दिवस मिळतात; त्या दिवसांत तो वाचा. तारीख गेली तर पत्र लिहा, वर्तमानपत्राला लिहा, आवश्यक तर न्यायालयात जा. महाराष्ट्रातही आणि तमिळनाडूतही निवडणुका झाल्या त्या कोणीतरी चिकाटीने तारीख मागत राहिले म्हणून. हे काम नीरस आहे. त्यात घोषणा नाहीत, हारतुरे नाहीत. पण लोकशाहीची बरीचशी राखण अशीच नीरस असते.

शाळेच्या साठ वर्षांत मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर किती जण बसून गेले, त्यांची नावे कार्यालयातील फलकावर आहेत. प्रत्येकापुढे दोन साले आहेत. कधीपासून आणि कधीपर्यंत. माझ्या नावापुढचे दुसरे सालही आता फार दूर नाही, आणि ते तेथे लिहिले जाणार आहे याचे मला समाधान आहे. शाळा टिकली ती कोणी कायमचे बसून राहिले म्हणून नव्हे. वेळ झाली तेव्हा प्रत्येकाने हिशेब आणि किल्ल्या पुढच्याच्या हाती दिल्या म्हणून टिकली. देशाचेही याहून निराळे असू नये.